रानातला पाऊस आणि विहिरीची पातळी : रोजची नोंद नीट कशी ठेवायची?

येरळाकाठ :
नमस्कार मंडळी. मी खटाव तालुक्यातला, जिरायत जास्त आणि एका विहिरीवर थोडं बागायत, ज्वारी-कांदा असं चालतं. आमचे तात्या गेली कित्येक वर्षं भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात बारीक अक्षरात पावसाचं लिहायचे, म्हणजे मिलिमीटर वगैरे काही नाही, "पागोळ्या लागल्या", "ओढा आला", "नुसती भुरभुर", "हत्तीचा पाऊस बरा", "विहीर तळाला" असं. सगळी कॅलेंडरं त्यांनी सुतळीत बांधून माळ्यावर ठेवलीत. आता त्यांना दिसायला कमी आलंय म्हणून हे काम मी घेतलंय, आणि घेतलंच आहे तर जरा पद्धतशीर करावं असं मनात आहे, मृग लागायच्या आत सुरू करायचंय.

विचारायचं असं की पर्जन्यमापक विकतचाच पाहिजे का, घरी केलेला चालेल? वाचन किती वाजता घ्यायचं? विहिरीची पातळी कशी मोजायची, कारण आमच्याकडे लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, मोटर चालू असली की पाणी खाली गेलेलं असतं मग खरी पातळी कुठली धरायची? वहीत लिहू का मोबाईलवर? आणि तात्यांच्या त्या जुन्या नोंदींचं काही करता येईल का, का त्या आपल्या आठवण म्हणून ठेवायच्या? आमच्याकडे सगळा खेळ परतीच्या पावसावर असतो, ऑक्टोबरात कांदा किती लावायचा हे दरवर्षी अंदाजानं ठरवतो आणि फेब्रुवारीत पाणी संपतं. त्याला काहीतरी आधार पाहिजे.

रानवारा :
दादा, फार छान काम हातात घेतलंय. पावसाचं मी सांगतो, विहिरीचं इथले जाणकार सांगतील.

वेळ सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणजे १२ तारखेला सकाळी साडेआठला जे पाणी मोजलं ते ११ च्या साडेआठपासून आतापर्यंतचं, आणि ते १२ तारखेच्या नावावर लिहायचं. ही एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की करा, कारण रात्री पडलेला पाऊस काही लोक आदल्या तारखेला लिहितात काही दुसऱ्या, आणि मग पुढे तुमची वही महसूल मंडळाच्या सरकारी आकड्याशी ताडून बघायला गेलात की एकेक दिवस सरकलेला दिसतो आणि कुणाचं बरोबर तेच कळत नाही.

घरचा मापक शंभर टक्के चालतो. फक्त भांडं सरळ भिंतीचं पाहिजे, वर-खाली एकाच रुंदीचं, आणि बूड सपाट. तशा डब्यात पट्टी उभी धरली की जेवढे मिलिमीटर पाणी तेवढा पाऊस, हिशोबच नाही. पण थोडा पाऊस असला की पट्टीवर दोन का तीन कळत नाही, म्हणून त्यापेक्षा नरसाळं आणि खाली बाटली बरी. नरसाळ्याचं तोंड १६ सेंमी व्यासाचं घेतलंत तर क्षेत्रफळ जवळपास २०० चौरस सेंमी भरतं, मग २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. औषधाच्या दुकानात मिली मोजायचं भांडं नाहीतर मोठी सिरिंज मिळते, तिनं मोजलं की अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आरामात जाता येतं. बाटली मोठी ठेवा, एका रात्रीत १०० मिमी झाला तर दोन लिटर पाणी होतं, लिटरची बाटली भरून वाहिली तर नेमका जो दिवस महत्त्वाचा तोच हातचा जातो.

जागा महत्त्वाची. झाडाखाली, पत्र्याच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीला लागून नको. जवळ जे काही उंच असेल त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवा, म्हणजे ५ मीटरचं शेड असेल तर १० मीटरवर. तोंड जमिनीपासून फूटभर वर आणि अगदी आडवं, बाहेरचे शिंतोडे उडून आत जाता कामा नयेत. गच्चीवर ठेवू नका, वाऱ्यानं कमी भरतं.

आणि शून्य लिहा. पाऊस नाही पडला तर ०, वाचनच घेतलं नाही तर रेघ, आणि नुसती जमीन भिजण्याइतके चार थेंब पडले पण मोजता आलं नाही तर "थेंब". तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मोकळी जागा सोडली तर वर्षभरानं तुम्हालाच कळणार नाही की त्या दिवशी कोरडं होतं का तुम्ही गावाला गेला होता. खात्याच्या हिशोबात २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात, पण ते मोजणं नंतरचं, आधी रोजचा आकडा तर पाहिजे.

नांगरट :
एक शंका, वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येक महसूल मंडळात महावेधचं (राज्याच्या हवामान प्रकल्पाचं) स्वयंचलित केंद्र आहे, मंडळाचा पाऊस मोबाईलवर रोज दिसतो. नुकसानभरपाईलाही २४ तासांत ६५ मिमीच्या वर अतिवृष्टी धरतात ती त्याच आकड्यावर. तुमच्या वहीला पंचनाम्यात कोण विचारणार? मग रोज सकाळी एवढा खटाटोप कशाला, तेच आकडे उतरवून घेतले की झालं.

रानवारा :
नांगरटराव, पंचनाम्याचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्यासाठी मंडळाचाच आकडा लागतो आणि तोही याच वहीत शेजारच्या रकान्यात उतरवून घ्यावा हे मी सांगणारच होतो. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात आणि पाऊस काही मंडळाची हद्द बघून पडत नाही, वळीव तर बांधाच्या अलीकडे असतो आणि पलीकडे नसतो. २६ जुलै २००५ चं आठवा, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोन्ही आकडे खरे. नुसतं कुलाब्याचं बघितलं असतं तर कुणी म्हटलं असतं काय विशेष झालं. सातारा जिल्हाच घ्या ना, महाबळेश्वरला पाच हजार मिमीच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. येरळाकाठ दादांना कांदा त्यांच्या रानात लावायचाय, त्यामुळे त्यांना त्यांच्या रानातला पाऊस पाहिजे.

भूजल_निवृत्त :
मी भूजलाच्या कामात आयुष्य घालवलं, विहिरी मोजण्यातच. विहिरीचं जरा सविस्तर लिहितो कारण लोक इथंच गडबडतात.

पहिलं, कठड्यावर एक जागा ठरवा आणि तिथं ऑईलपेंटनं बाण काढा. दरवेळी टेप त्याच बाणापासून सोडायचा. विहिरीचा कठडा सगळीकडे एका उंचीचा नसतो, एका बाजूनं मोजलं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूनं तर वीतभर फरक नुसता त्यानंच पडतो. ताप एकदा काखेत आणि एकदा जिभेखाली बघून तुलना करण्यासारखं होतं ते. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे कधी कठडा नवीन बांधला, वाढवला तर जुन्या-नव्याचा मेळ घालता येतो.

मोजायची आमची साधी रीत सांगतो. स्टीलचा टेप घ्यायचा, टोकाला छोटं वजन बांधायचं (वजनाचं खालचं टोक टेपच्या शून्याशी जुळवून बांधा, वजन खाली लोंबतं ठेवलं तर तेवढा फरक दरवेळी येत राहतो), आणि खालच्या हातभर भागाला कोरडा खडू फासायचा. पाण्याचा अंदाज घेऊन टेप सोडायचा आणि बाणापाशी पूर्ण आकडा धरायचा, समजा बरोबर ९ मीटर. मग टेप वर ओढायचा आणि खडू कुठपर्यंत भिजलाय ते बघायचं, भिजलेला भाग गडद दिसतो आणि कडा अगदी स्वच्छ असते. ३२ सेंमी भिजलाय तर ९ मधून ०.३२ वजा, पाणी ८.६८ मीटरवर. खाली वाकून बघायला नको, कपारीत अंधार असला तरी अडत नाही, आणि एक सेंमीपर्यंत वाचन मिळतं. पावसाळ्यात आतल्या भिंती ठिबकत असतात तेव्हा टेप मध्यावर सोडा, भिंतीला लागला की खडू वरपर्यंत ओला होतो आणि वाचन बिघडतं.

मोटरचं तुम्ही विचारलंत तो कळीचा प्रश्न आहे. पाहिजे ती विसावलेली पातळी, म्हणजे मोटर बंद होऊन विहीर भरून आल्यावरची. दिवसपाळीचा आठवडा असेल तेव्हा सकाळी मोटर सुरू करायच्या आधी मोजा, पावसाचं वाचन घ्यायच्या वेळेलाच. रातपाळीच्या आठवड्यात सकाळी मोजलंत तर उपसलेली विहीर मोजाल, तेव्हा संध्याकाळी लाईट यायच्या आधी मोजा. पण वेळ बदलली हे लिहायचं, आणि "मोटर बंद होऊन किती तास" हा एक रकाना ठेवायचा. शेजाऱ्याची विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तिचाही परिणाम होतो, ती चालू होती का एवढं शेऱ्यात.

रोज मोजायची गरज नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, आणि दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी एकदा पुरे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, तेव्हा या चार महिन्यांतलं वाचन तरी चुकवू नका, म्हणजे ताडून बघता येईल.

आणखी एक. आपला दख्खनचा काळा पाषाण पाणी फार कमी धरतो, घनफळाच्या दोनेक टक्केच धरा. त्यामुळे नुसतं ४० मिमी पाणी खरोखर मुरलं तर पातळी दोन मीटरपर्यंत वर येऊ शकते, आणि उपसा सुरू झाला की तेवढ्याच वेगानं खाली जाते. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेली विहीर बघून लोक फसतात ते यामुळं. पाणी किती आहे ते नुसती भरलेली विहीर दाखवत नाही, ती किती वेगानं उतरते त्यावरून ते कळतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात दोन वाचनांमधला उतार बघा, आणि महिन्यातून एकदा विहीर उपसून मोटर बंद केल्यावर किती तासांत परत भरते ते लिहा. दोनतीन वर्षांत तुम्हाला नोव्हेंबरच्या उतारावरून फेब्रुवारीचा अंदाज यायला लागेल.

तारांगण :
मी शेतीतली नाही, भूचुंबकत्वाची विद्यार्थिनी आहे, पण हा धागा बघून राहवलं नाही. तुमच्या कामाचा एक फार मोठा नमुना आपल्याच किनाऱ्यावर आहे म्हणून लिहितेय.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, आणि तिथं १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित नोंद सुरू झाली. सुरुवातीला माणसं डोळ्यांनी वाचन घ्यायची, एरवी तासातासाला आणि सुई अस्वस्थ झाली की त्याहून जवळजवळच्या वेळांना, वहीत लिहायची. त्या वह्यांचा पुढे कोण कशासाठी उपयोग करेल हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे प्रचंड मोठं चुंबकीय वादळ झालं, आणि कुलाब्याच्या वह्यांमध्ये त्या वादळाची अख्खी चढउतार लिहिलेली सापडते. आज ते वादळ किती मोठं होतं हे ठरवताना शास्त्रज्ञ कुलाब्याच्याच नोंदीकडे येतात, २००३ साली त्यावर गाजलेला अभ्यास झाला. शे-दीडशे वर्षं ती वही नुसती नीट ठेवलेली होती.

पण मला सांगायचंय ते पुढचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरलं आणि त्या विजेनं कुलाब्याची वाचनं बिघडणार हे दिसत होतं. तेव्हा नानाभाई मूस संचालक होते, पहिले भारतीय संचालक. त्यांनी काम अलिबागला हलवलं, १९०४ मध्ये, आणि तिथली इमारत अशा दगडाची बांधली की तिचा चुंबकावर परिणाम होणार नाही. महत्त्वाचं हे की कुलाबा लगेच बंद केलं नाही, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी वाचनं चालू ठेवली. त्यामुळे दोन ठिकाणांमधला फरक किती हे कळलं आणि १८४१ पासूनची मालिका अलिबागमध्ये अखंड चालू राहिली, आजही चालू आहे.

तर दादा, तुमचा डबा फुटला, नरसाळं बदललं, जागा बदलायची वेळ आली तर जुनं आणि नवं काही दिवस शेजारी-शेजारी ठेवा, अख्खा एक पावसाळा जमलं तर उत्तमच. आणि कधी, काय, का बदललं ते तारखेसकट लिहा. ज्या नोंदी वाया जातात त्या बहुतेक इथंच जातात, मधेच आकडे वाढलेले दिसतात आणि पाऊस वाढला का डबा बदलला हे सांगणारं कुणी उरत नाही.

येरळाकाठ :
सगळ्यांचे मनापासून आभार. तात्यांना वाचून दाखवलं, खडूची रीत त्यांना एकदम पटली, आणि कुलाब्याचं दोनदा वाचायला लावलं. विहिरीवर बाण काढतो उद्याच. आता वही का मोबाईल, आणि जुनी कॅलेंडरं, एवढं राहिलं. तात्या म्हणतायत "ओढा आला" म्हणजे दोन इंच धर, "पागोळ्या लागल्या" म्हणजे अर्धा इंच, असं करून आकडे टाकू का?

गणिताचे_सर :
नका टाकू दादा, कळकळीनं सांगतो. तात्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा, "नुसती भुरभुर" तर नुसती भुरभुर. एकदा का तिथं १२ मिमी लिहिलंत की पुढच्या माणसाला ते मोजलेलं वाटणार, आणि खरं काय होतं ते कायमचं गेलं. तात्यांचा अंदाज शेजारी वेगळ्या रकान्यात लिहा, "तात्यांचा अंदाज" असं नाव देऊन, तोही कामाचा आहे, आणि ते सांगायला आहेत तोवरच मिळणार आहे. त्यांच्याशेजारी बसून विचारून घ्या, कुठला ओढा, कुठपर्यंत पाणी आलं की ते "ओढा आला" म्हणायचे, विहीर तळाला म्हणजे किती परस (माणसाच्या उंचीवरून धरलेलं खोलीचं माप) पाणी उरलं की लिहायचे. दोन पानं होतील पण त्या दोन पानांवर बाकीचं सगळं वाचता येईल.

आणि त्या नोंदींत मिलिमीटर नसले तरी तारखा आहेत, त्या सोन्यासारख्या आहेत. दरवर्षी ओढा पहिल्यांदा कधी आला, ज्वारीची पेर कधी झाली, विहीर तळाला कधी गेली, एवढ्या तीन तारखा वर्षावार मांडल्या तरी पाऊस पुढे सरकतोय का ते दिसायला लागतं. जपानात क्योटोला चेरीचा बहर कधी आला याच्या तारखा जुन्या रोजनिशांमधून नवव्या शतकापासूनच्या जमवल्यात आणि त्यावरून वसंत किती लवकर येतोय हे दाखवता येतं, तिथं तरी कुणी थर्मामीटर लावून बसलं नव्हतं. कॅलेंडरांचे आधी फोटो काढा, चांगल्या उजेडात, पान सपाट करून, वर्ष दिसेल असं. माळ्यावर वाळवी आणि उंदीर कधी काय करतील सांगता येत नाही.

आता वही का मोबाईल. वही. रानात भिजल्या हातानं मोबाईल चालत नाही आणि खोडलेलं वहीत दिसतं, मोबाईलमध्ये बदललेलं दिसत नाही. आकडा दुरुस्त करायचा तर एक आडवी रेघ मारून बाजूला नवा लिहा, खोडरबर नको, बॉलपेननं लिहा. मग महिनाअखेरीला बसून एक्सेलमध्ये चढवा आणि त्या पानाचा फोटो काढून घरातल्या आणखी कुणाला पाठवून ठेवा, तीच दुसरी प्रत.

एक्सेलमध्ये एका दिवसाला एक ओळ. लोक महिने आडवे आणि तारखा उभ्या असा सुंदर तक्ता करतात, छापायला छान दिसतो पण त्यावर पुढे काहीच करता येत नाही. तारीख, पाऊस, मंडळाचा पाऊस, पातळी, मोटर बंद होऊन तास, शेरा. आकड्याच्या घरात नुसता आकडा, "१२ मिमी" असं लिहिलंत की बेरीज होत नाही. रंग देऊन काही दाखवू नका, जे सांगायचं ते शेऱ्यात शब्दांत लिहा. नक्षत्र लिहायची सवय असेल तर त्याचाही रकाना ठेवा, तात्यांच्या नोंदींशी जोडायला तोच पूल आहे.

डोंगरउतार :
सरांचं सगळं बरोबर, मला फक्त गावाचं सांगायचंय. दादा, तुम्ही एकट्यानं सुरू करताय पण गावात आणखी दोन जणांना उभं करा, एक वरच्या अंगाला आणि एक ओढ्याच्या खालच्या अंगाला. हिवरे बाजारला गावकरी दरवर्षी पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात, प्यायला किती, जनावरांना किती, मग शेतीला किती, आणि पाऊस कमी असेल तर कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. आकडे हातात असतात म्हणून तिथं वाद मिटतो. हिशोब अवघड नाही, १ मिमी पाऊस म्हणजे एक हेक्टरवर १० हजार लिटर. हजार हेक्टरच्या गावावर ५०० मिमी म्हणजे ५०० कोटी लिटर. हे ऐकून माणसं म्हणतात मग पाणी जातं कुठं, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते, किती वाहून गेलं, किती उडून गेलं, किती मुरलं. आमच्या गावात शाळेच्या आवारात मापक लावलाय, वाचन मुलं घेतात आणि फळ्यावर लिहितात, म्हातारी माणसं मुद्दाम येऊन बघून जातात.

फक्त शाळेवर सगळं सोडू नका, सुट्टीत आणि रविवारी वाचन राहतं आणि मे महिन्यातला वळीव तर हमखास सुट्टीतच पडतो.

येरळाकाठ :
हे शेवटचं माझ्याही मनात होतं. बाजाराला, लग्नकार्याला कधी दोनतीन दिवस बाहेर राहावं लागतं आणि घरी तात्यांना नीट दिसत नाही. तेव्हा जमलेलं पाणी एकदम मोजलं तर ते तीन दिवसांत वाटून लिहू का? वरच्या अंगाला माझा चुलतभाऊ तयार आहे, त्याच्याही रानात डबा ठेवतोय.

भूजल_निवृत्त :
वाटू नका. परत आल्यावर जेवढं भरलंय ते त्या दिवशी लिहा, शेऱ्यात "१४ ते १६, तीन दिवसांचं मिळून" असं लिहा आणि आधीच्या दोन दिवसांना रेघ. महिन्याची बेरीज बरोबर येते आणि खोटा दिवस कुठं तयार होत नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर बाटलीत खाद्यतेलाचे चारदोन थेंब टाकून जा, वर पातळ थर बसतो आणि पाणी उडत नाही. मोजताना तेल सोडून खालची पातळी वाचायची, आणि पुन्हा लावायच्या आधी बाटली साबणानं धुवायची. चुलतभावाचं आणि तुमचं नरसाळं एकाच दुकानातून, एकाच मापाचं घ्या.